धंदा: घरकाम

ग्रेस वेक्सलर स्वतःच्या नावापुढे 'वारसदार' लिहिते. तिची थोरली, अँजेला, लिहिते 'काही नाही'. धाकटी टर्टल तेरा वर्षांची, ती बेधडक 'चेटकीण' लिहून मोकळी. मृत्युपत्राच्या वाचनाला सोळा वारस बोलावलेत, त्यांच्या आठ जोड्या लावल्यात, हजर असलेल्या दर जोडीला दहा हजार डॉलरचा चेक. त्याच्या पावतीवर सहीबरोबर हुद्दाही लिहायचा असतो.

हे सगळं एलन रास्किनच्या 'द वेस्टिंग गेम' या कादंबरीतलं. ती परत काढली ती हसावंसं वाटत होतं म्हणून. हसलेही. मिशिगन सरोवराकाठच्या त्या इमारतीचं नाव सनसेट टॉवर्स, तोंड मात्र पूर्वेला. कागदाच्या धंद्यात गडगंज झालेला सॅम वेस्टिंग मेल्यावर सांगतो, तुमच्यातल्याच एकानं माझा जीव घेतला, आता डोकं लढवा आणि वीस कोटी डॉलर जिंका. सुगावे दिलेत तेही त्याच्याच कारखान्याच्या पेपर टॉवेलच्या तुकड्यांवर! टर्टलच्या वेणीला कुणी हात लावला की नडगीवर लाथ बसलीच. १९७८ चं हे मुलांचं पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळालं. आधी वाचलं तेव्हा खुनी कोण यातच गुंतले होते. या वेळी त्या पावतीपाशी अडकले.

कारण आमच्या जमिनीच्या हक्कसोडपत्राचा मसुदा दुपारीच आला होता. माझं नाव, वय, आणि पुढे 'धंदा: घरकाम'.

सकाळी साडेसहाला लॅबचं कुलूप मी उघडते. उपाशीपोटी आलेल्या म्हाताऱ्यांची शीर एका टोचण्यात सापडावी म्हणून लोक माझ्यासाठी थांबून राहतात. दादाला हे माहीत आहे, त्याचीही शुगर मीच काढते. तरी घरकाम. ताईच्या नावापुढेही तेच. तिला काही वाटलं नाही. म्हणाली, "अगं, वकिलांचा ठरलेला मजकूर असतो तो." असेल. 'स्वखुशीने', 'विनामोबदला', 'कोणाच्याही दबावाशिवाय' हेही ठरलेलंच असतं. दादानं फोनवर विचारलं ते एवढंच, "गुरुवारी जमेल ना?" जमीन हवी का, हे नाही. विहिरीकडच्या तुकड्याचं तर... जाऊ दे.

महाराष्ट्रात मुलींना वडिलार्जित मिळकतीत हक्क मिळाला १९९४ मध्ये, देशभर २००५ मध्ये. कायद्यानं मी वारस आहे. पण वारस असणं म्हणजे आमच्याकडे सहीला हजर राहणं, असंच झालंय. रात्री फार रडू आलं. जमिनीसाठी नाही. मी कोण, हे माझ्या घरानं मला न विचारता लिहून टाकलं म्हणून. घरकाम मी करतेच, त्यात कमीपणा कसला? पण मला विचारलं असतं तर?

टर्टलनं काय काय केलं आठवतं का? इमारतीत झालेल्या स्फोटांचा संशय बहिणीवर येऊ नये म्हणून लिफ्टमध्ये स्वतः बार उडवला, त्यात वेणी जळाली. आईचं कौतुक तरी अँजेलाकडेच. शेवटी सगळं कोडं एकटीनं सोडवलं, आणि ते सांगितलं फक्त म्हाताऱ्या वेस्टिंगला, जो खरं तर मेलाच नव्हता. घरात कुणालाच नाही. मला ते सहन होत नाही. तिला सांगावंसं वाटलं नसेल? आई एकदा तरी म्हणाली असती, माझी टर्टल जिंकली. आईबद्दल आज नको लिहायला.

पहाटे पुन्हा पुस्तक उघडलं, तेव्हा अँजेलाची दुसरी नोंद दिसली. पुढच्या वेळी हुद्द्याच्या जागी ती लिहिते 'व्यक्ती'. वाटणी, वारसा, खून, सगळं तिथेच आहे, तिची आईही तीच आहे. तिनं फक्त तेवढं बदललं. वाचताना मला एकदम बरं वाटलं, हसूही आलं.

सही मी करणार आहे. दादानं ती जमीन कसली आहे, बाबांच्या शेवटच्या दिवसांत तोच होता, हे मला मान्य आहे. विहिरीकडच्या तुकड्याचं मी गुरुवारी त्याच्याशी बोलेन, सहीच्या आधी, समोरासमोर.

वकिलांना सकाळी मेसेज केला: 'धंदा: नोकरी, लॅब टेक्निशियन असे करावे.' ताईचंही विचारून घ्या म्हटलं, ती शिलाईचे क्लास घेते. दुरुस्त मसुदा दुपारी आला. ताईनं स्वतःचं 'घरकाम'च ठेवलंय. तिला विचारलं होतं त्यांनी.