ईव्ह आर्डनचा हशा आणि आमचं सॉफ्टवेअर

लॅकर डिस्क, म्हणजे आवाज कोरून ठेवायची जुन्या काळची तबकडी, ज्यांनी कधी हाताळली नाही त्यांना आधी एवढंच सांगते, की ती एकदा नीट वाजेल याची खात्री नसते आणि दुसऱ्यांदा वाजेल यावर तर कोणी पैजच लावू नये. अ‍ॅल्युमिनियमची १६ इंची थाळी, तिच्यावर नायट्रोसेल्युलोजचा काळा थर आणि त्या थरात कोरलेली खाच. थर वर्षानुवर्षं आकसत जातो, खालचं अ‍ॅल्युमिनियम काही आकसत नाही, मग तडे जातात आणि पापुद्रे सुटायला लागतात. थर मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल घालायचे, त्याचं विघटन होऊन वर पांढरट मेणचट बुरशीसारखं काहीतरी धरतं, ते आधी हलक्या हाताने धुवायचं. नेहमीच्या टर्नटेबलवर ही थाळी बसतही नाही, लांब आर्मचं वेगळं मशीन लागतं. सुया बदलून बदलून बघायच्या, कारण खाचेच्या तळाशी झीज असेल तर जरा जाड सुई खाचेच्या वरच्या, न झिजलेल्या भिंतीवर चालते आणि तोच आवाज एकदम उजळतो. २.३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई आणि २.८ ची यात कानाला कळेल इतका फरक असतो. अशा थाळ्यांवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचं हे काम मी लॉस एंजेलिसजवळच्या एका छोट्या कंपनीत करते, जुन्या संस्था आणि घरगुती कलेक्शनवाले आमच्याकडे खोकी पाठवतात.

तर अशाच एका खोक्यात 'अवर मिस ब्रुक्स' हा जुना अमेरिकन विनोदी रेडिओ कार्यक्रम निघाला. लेबलवर पेन्सिलीने १९४९. कोणीतरी रेडिओवरून थेट उतरवून घेतलेलं, साबणाच्या आणि शाम्पूच्या जाहिरातींसकट. याचं मोल बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. सैनिकांच्या रेडिओसाठी तेव्हा हेच कार्यक्रम जाहिराती कापून व्हिनाइलवर छापायचे आणि आज लोकांच्या कानावर असलेले बरेच जुने अमेरिकन कार्यक्रम त्या कापलेल्या छापांवरून आलेत. इथे पामोलिव्हचा अनाउन्सर, मधलं संगीत, सगळं जागच्या जागी होतं.

आणि त्याची नायिका ईव्ह आर्डन होती. आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नाही. 'ग्रीस' सिनेमातली प्रिन्सिपल मॅकगी आठवते का? तीच, पण १९७८ चा तो सिनेमा म्हणजे करिअरची संध्याकाळ. मूळ नाव युनिस क्वेडन्स, जन्म १९०८, कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅलीतली. १९३४ साली न्यूयॉर्कच्या नाटकवाल्या ब्रॉडवेवर झिगफेल्ड फॉलीज या नाच-गाण्यांच्या शोमध्ये घेतलं तेव्हा नाव बदलायला लागलं, आणि तिने ते चक्क मेकअपच्या बाटल्या-डब्यांवरच्या नावांवरून जुळवलं. १९३७ च्या 'स्टेज डोअर'मध्ये ती खांद्यावर मांजर टाकून फिरते आणि येता-जाता एकेक टोला मारते, तिथून हॉलिवूडने तिला एकच खुर्ची दिली, नायिकेची तिखट जिभेची मैत्रीण. उंच, शिडशिडीत, एक भुवई वर. १९४५ ला 'मिल्ड्रेड पिअर्स'मध्ये जोन क्रॉफर्डच्या बाजूला उभी राहून तिने ऑस्करचं नामांकन मिळवलं, तरी पुढच्या सिनेमात पुन्हा मैत्रीणच. माझं स्पष्ट मत आहे की स्टुडिओवाल्यांना ती कळलीच नव्हती. चार वाक्यं बोलून दाराबाहेर जाणाऱ्या बाईला अख्खा अर्धा तास देऊन बघावा हे रेडिओला सुचलं.

तेही सरळ नाही सुचलं. सीबीएस या रेडिओ कंपनीने आधी शर्ली बूथ या नटीची चाचणी घेतली होती, ते जमलं नाही. मग १९ जुलै १९४८ ला ईव्ह आर्डनला घेऊन उन्हाळ्यापुरता म्हणून कार्यक्रम सुरू झाला आणि १९५७ पर्यंत चालला. मधे १९५२ पासून टीव्हीवर, तिथे एमी हे टीव्हीचं पारितोषिक, १९५६ ला त्यावर सिनेमा, आणि रेडिओ बाजूला चालूच. कॉनी ब्रुक्स, मॅडिसन हायस्कूलची इंग्लिशची शिक्षिका, तुटपुंजा पगार, मिसेस डेव्हिसकडे भाड्याची खोली, बायॉलॉजीच्या बॉइंटन सरांवर जीव आणि त्या सरांचा जीव बेडकावर. बॉइंटन म्हणजे जेफ चँडलर, जो त्याच काळात सिनेमात अपाची सरदार कोचीस होता. किनऱ्या फाटक्या आवाजाचा विद्यार्थी वॉल्टर डेंटन म्हणजे रिचर्ड क्रेना, पुढे रॅम्बोचा कर्नल झालेला. शिक्षकांना ही बाई इतकी आपली वाटली की ते पत्रं लिहायचे, शाळांकडून तिला खरोखर नोकरीच्या ऑफर्स आल्या होत्या.

आता मुद्द्याचं. थाळीवरून कॉम्प्युटरवर ट्रान्सफर उत्तम झाला. पहिल्या बाजूला एका ठिकाणी पापुद्रा उचललेला होता, तिथे श्वास रोखून बसले, सुई निघून गेली. मूळ फाइल आम्ही काहीही न करता जपून ठेवतो, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्या खरखरीसकट. मग ऐकणाऱ्यांसाठी वेगळी साफ केलेली प्रत निघते, ती माझ्या सहकाऱ्याने काढली. क्लायंटला पाठवायच्या आधी मी ती हेडफोनवर लावली आणि पाचव्या मिनिटाला मला वाटलं की ही बाई आज थकलेली आहे. वाक्य झाल्यावर ती थांबते. उगाचच थांबते. गेल गॉर्डन, म्हणजे प्रिन्सिपल कॉन्कलिन, हा माणूस तर गप्प राहून राग साठवत साठवत मग फुटायचा, त्याचं मौन ही अमेरिकन रेडिओतली एक वस्तूच आहे, तोसुद्धा इथे ओळ विसरल्यासारखा वाटत होता.

मग मूळ फाइल लावली. ती थकलेली वगैरे काही नव्हती. तिच्या प्रत्येक थांबण्याच्या जागी स्टुडिओत समोर बसलेले प्रेक्षक हसत होते.

झालं होतं असं. नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी नमुना द्यायला लागतो, की बाबा ही खरखर, ही ओळख आणि सगळीकडून वजा कर. हा नमुना घ्यायची जागा म्हणजे थाळीच्या सुरुवातीची रिकामी खाच, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीची, जिथे सुईच्या घासण्याशिवाय दुसरं काही नाही. सहकाऱ्याने घाईत तो दोन संवादांच्या मधल्या 'शांत' जागेतून घेतला. ती जागा शांत नव्हतीच! तिथे ओसरत आलेला हशा होता, खुर्च्या होत्या, शेकडो माणसांनी भरलेल्या हॉलची कुजबुज होती. सॉफ्टवेअर शिकलं की प्रेक्षक म्हणजे कचरा. आणि हशा तसाही सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला असतो, खरखरीसारखाच, त्यामुळे मशीनला तो आनंदाने खाता येतो. वर क्लिक काढणारं फिल्टर चढवलेलं, त्याला टाळ्या म्हणजे चरेच वाटले. उरलं काय तर पाण्याखालून आल्यासारखी गुरगुर आणि तिच्या मधोमध काचेसारखा स्वच्छ, एकटा पडलेला ईव्ह आर्डनचा आवाज.

मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून दिवसभर तेच ऐकत बसले, बाकी काम पडून राहिलं. या बाईची सगळी करामत आवाज खाली टाकण्यात आहे. बाकीचे विनोदी नट ओळीच्या शेवटी वर चढतात, म्हणजे लोकांना कळावं की आता हसायचंय. ती शेवटचा शब्द सपाट, जवळजवळ स्वतःशीच टाकते. हशा फुटतो, ती तो वर जाऊ देते, माथ्यावर असताना तोंड उघडत नाही, उतरायला लागला आणि अजून पूर्ण मेला नाही अशा बारीक फटीत पुढचं वाक्य घालते, त्यामुळे दुसरा हशा पहिल्याच्या खांद्यावर उभा राहतो. हे प्रत्येक वेळी वेगळ्या मापाने. सिनेमात तिला हे करता येत नव्हतं, कॅमेऱ्यासमोर हसणारं कोणीच नाही, तिथे ती दणादण बोलून निघून जाते आणि तेही सुंदरच आहे, पण थांबणं ती ब्रॉडवेच्या लोकांसमोर शिकली होती आणि ते वापरायला मिळालं ते इथे. हशा काढून टाकला की तिच्या या मोजून मापून थांबण्याला कारणच उरत नाही. आपल्या धंद्यात जी अव्वल होती तिला आपण ढिसाळ करून ठेवतो, आणि फाइलला नाव देतो 'रिस्टोअर्ड'.

सहकारी वाईट माणूस नाही. त्याला तासाला अमुक इतक्या बाजू काढायच्या असतात, ते टार्गेट ज्यांनी ठरवलं त्यांनी कधी एक अख्खा कार्यक्रम बसून ऐकला असेल असं मला वाटत नाही. राग मला क्लायंटचा आला. आम्ही त्यांना दोन्ही प्रती ऐकवल्या, माझ्या रिकाम्या खाचेच्या नमुन्यावरून नव्याने केलेली प्रत आणि आधीची. त्यांनी फोनच्या स्पीकरवर मिनिटभर ऐकलं आणि आधीची पसंत केली. म्हणे आवाज स्पष्ट आहे, आणि जुना हशा आजच्या तरुणांना खोटा वाटतो. खोटा? टीव्हीवर नंतर मशीनमधून चिकटवलेल्या हशाने लोकांचे कान इतके बिघडलेत की खऱ्या माणसांचा हशाही आता संशयित झालाय, आणि त्याची शिक्षा १९४९ च्या हॉलमध्ये बसलेल्या लोकांना. तिलाही.

मॅनेजर म्हणतात पैसे देणारा ठरवेल, मूळ फाइल तर सुरक्षित आहे ना. आहे. पण मूळ फाइल सर्व्हरवर पडून राहते, जगात फिरते ती साफ केलेली, आणि पुढे कोणी ईव्ह आर्डनवर लिहील तो तीच ऐकून लिहील की रेडिओवर ती जरा संथ होती. मी फाइलच्या नोंदीत सरळ लिहिलंय की या प्रतीतला प्रेक्षकांचा आवाज प्रक्रियेत गेलाय, मूळ मागवून ऐका. ती नोंद काढा असं अजून कोणी म्हटलेलं नाही. दोन्ही प्रती ठेवा असं क्लायंटला पुन्हा पत्र घातलंय, सोबत चाळीस सेकंदांचा तुकडा, एकदा हशासकट, एकदा हशाविना, आणि विनंती की कृपया हेडफोनवर ऐका.

खोक्यात अजून एक थाळी आहे, मधल्या भोकापासून तडा गेलेली. ती पुढच्या आठवड्यात लावायची आहे आणि तिचा नॉइजचा नमुना मी स्वतः घेणार आहे.