पोटखराब जमिनीचं पंचांग

सातबाऱ्यावर सड्यापुढे, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारापुढे, बहुतेकदा ‘पोटखराब’ अशी नोंद असते. महसुलाच्या दृष्टीनं ती बरोबरच आहे. नांगराचा फाळ जिथे खडकावर खणखणतो तिथे भात कसलं पिकणार? पण मृगाच्या पावसाला आठवडा झाला की रत्नागिरी-राजापूरपासून देवगड-मालवणपर्यंतचा हाच कातळ ठरलेल्या क्रमानं फुलायला लागतो. तो क्रम ठाऊक असणाऱ्याला सड्यावर उभं राहून तारीख विचारावी लागत नाही.

पहिला मान दीपकाडीचा. उन्हाळाभर कंद जमिनीत गप्प पडून असतो आणि पहिल्या सरींनंतर पांढऱ्या फुलांचा सडसडीत दांडा वर काढतो. कोकण आणि त्याला लागून असलेला पट्टा सोडला तर ही वनस्पती कुठे उगवत नाही. जूनचा उत्तरार्ध ही तिची वेळ. जुलै सरत आला की फुलं संपतात आणि वाढत्या गवतात पानंसुद्धा सापडत नाहीत. कासच्या हिशेबानं सप्टेंबरात सहल आखणाऱ्यांना ती कधीच भेटत नाही, याचं कारण एवढंच.

पुढचा सगळा कारभार मातीच्या जाडीवर चालतो. सडा लांबून सपाट वाटतो, पण वाकून बघा: उघड्या कातळावर शेवाळ आणि दगडफूल, बोटभर माती साचलेल्या खोलगट जागी गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेची आसवं, वीतभर माती असेल तिथे उंच गवत आणि पिवळा कवला. दोन पावलांवर वस्ती बदलते. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एवढ्याशा मातीतलं नत्र-स्फुरद धुऊन नेतो. मग जगायचं कसं? सीतेच्या आसवांनी शिकारीची वाट धरली. त्यांची जांभळट-निळी फुलं सगळे बघतात, पण खरा उद्योग चालतो चिखलात. तिथल्या सूक्ष्म फुग्यांना एक झडप असते. तिच्या केसाला एखादा जीव लागला की ती आत उघडते आणि पाण्यासकट तो ओढला जातो. पापणी लवायच्या आत काम तमाम. दवबिंदू ही दुसरी शिकारी वनस्पती, तिची तऱ्हा वेगळी, तिच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात. ते दव नव्हे याची खात्री करायची असेल तर ऊन चढल्यावर बघा. खरं दव वाळून जातं, हे थेंब तसेच चमकत राहतात.

बघायला जायचं तर गणपतीच्या आगेमागे, सकाळी नऊनंतर. दहा पट मोठं दाखवणारं भिंग खिशात हवंच, कारण निम्मी फुलं तांदळाच्या दाण्याएवढी असतात. काळ्या शेवाळी कातळावर पाय हमखास घसरतो, म्हणून पावलं छोटी टाकावीत. घसरायच्या भीतीनं लोक मऊ मातीवरून चालतात आणि नेमकी फुलंच तुडवतात. पायात उंच गमबूट घालावेत. दगड उलथू नयेत, हात टेकण्यापूर्वी जागा बघावी. सडा हे फुरशाचं घर आहे. वेटोळं घालून अंगावरचे खवले घासत ते खरखर आवाज करतं. तो ऐकू आला तर मागे सरावं. चावलंच तर आवळपट्टी, चिरा, मंत्र यात वेळ न घालवता पाय हलू न देता दवाखाना गाठावा. आपल्याकडची सर्पविषावरची लस फुरशावरही चालते.

सड्याचं सर्वांत जास्त नुकसान करतात ते त्याला हिरवा करायला निघालेले. कातळावर भराव टाकून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की सावली पडते, पाला कुजतो, माती जाड होते आणि उंच गवत बोटभर उंचीच्या सगळ्यांना गाडून टाकतं. चिरेखाण तर वरचा थरच घेऊन जाते. जांभा सच्छिद्र असतो. त्यातून झिरपलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून, विहिरींतून वर येतं. खाली वाडीतली विहीर मेपर्यंत टिकते ती वरच्या या ‘खराब’ जमिनीच्या जिवावर. हे सातबाऱ्याच्या कुठल्या रकान्यात बसवायचं, तलाठीभाऊच जाणोत. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हापासून उक्षी, बारसू, देवाचे गोठणे ही त्या गावांची नावं तरी लोकांना कळली. पावसाळ्यात त्या कोरीव चरांतही पाणी साचतं आणि गेंद उगवतो. तो उपटून चित्र ‘साफ’ करायचा मोह आवरावा.

हस्ताचा पाऊस ओसरला की बी पडतं आणि दिवाळीपर्यंत सडा तपकिरी होतो. रिकामा मात्र नसतो. उन्हाळ्यात माळटिटवी उघड्यावर, खड्यांच्या मधोमध बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते. सड्यावर जीप फिरवणाऱ्यांना ती दिसत नाहीत. चालणाऱ्यालाही सहसा दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की अंडी शोधू नयेत, आल्या पावली मागे फिरावं.