क्रूझ संपल्यावर खात्यातल्या जमेचे काय होते?

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाचा ‘जमा’ या शब्दावर फार विश्वास असतो. जमेच्या बाजूला रक्कम दिसली की ती खातेदाराची झाली. मग तो ती आज काढो, पाच वर्षांनी काढो किंवा विसरून जावो. दहा वर्षे कोणी फिरकलेच नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते, पण तेव्हाही खातेदाराचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क बुडत नाही. हाच विश्वास घेऊन मी अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझवर गेलो आणि जमा असलेली रक्कम एका रात्रीत नाहीशी होऊ शकते, हे तिथे एका काउंटरवर उभा राहून शिकलो.

मुलगी आणि जावई सिएटलला राहतात. त्यांनी दोन केबिन आरक्षित केल्या, एक त्यांची आणि एक आम्हा दोघांची. ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे जहाजावर खर्च करण्यासाठी प्रवाशाच्या खात्यात आधीच टाकून ठेवलेली रक्कम. आमच्या केबिनच्या खात्यात क्रूझ कंपनीने आरक्षणाच्या सवलतीपोटी १०० डॉलर टाकले होते आणि ज्या एजंटकडून आरक्षण केले त्याने भेट म्हणून ५० डॉलर टाकले होते. पुढे वाटेत स्कॅगवेला वारा इतका सुटला की कॅप्टनने ते बंदर रद्द केले. तिथून निघणाऱ्या व्हाइट पास घाटाच्या ज्या रेल्वेसाठी मी महिनाभर आधीपासून वाचन करत होतो, ती १९०० साली पूर्ण झालेली अरुंद रुळांची गाडी राहिलीच. तिच्या तिकिटाचे पैसे थेट जावयाच्या कार्डावर परत गेले आणि न लागलेल्या बंदराचे शुल्क व कर मिळून आम्हा दोघांचे ४२.८० डॉलर केबिनच्या खात्यात जमा झाले.

खर्च मात्र होईना. टिप, वायफाय, सहली हे सगळे मुलीने घरूनच भरून टाकले होते. जहाजावर दर माणशी दर दिवशी जी टिप आपोआप खात्याला लागते, ती आमच्या खात्याला लागलीच नाही. तिने हे मायेने केले, पण बऱ्याच जहाजांवर ही टिप क्रेडिटमधून वळती होते आणि दोन माणसांच्या आठवड्याच्या टिपेत दीडशे-दोनशे डॉलरचे क्रेडिट निमूट जिरून जाते. आमच्या क्रेडिटला खायला काही उरलेच नव्हते. आठवडाभरात कॉफीचे १२.४०, कपडे धुण्याच्या एका पिशवीचे २९.९० आणि हिमनदीसमोर काढलेल्या एका फोटोचे २४.९९ डॉलर एवढाच आमचा खर्च झाला.

शेवटच्या दुपारी केबिनमधल्या टीव्हीवर मी खाते उघडून पाहिले. तिथे एकच आकडा होता : उणे १२५.५१. उणे चिन्ह पाहून क्षणभर मला आपलेच देणे निघते आहे असे वाटले. मग लक्षात आले की ही वही जहाजाची आहे. तिच्यात प्रवाशाचे येणे हे उणेच दिसणार. बायकोला मी मोठ्या ऐटीत सांगितले की, सव्वाशे डॉलर परत मिळणार आहेत. केबिन आवरायला आलेला मुलगा गोव्यातल्या डिचोलीचा होता. पहिल्याच दिवशी आमचे मराठी ऐकून तो ‘काका, काकी’ म्हणू लागला होता. माझे बोलणे कानावर पडताच तो हळूच म्हणाला, “काका, सगळे परत येतीलच असे नाही हां. खाली जाऊन एकदा विचारा. आणि आजच, व्हिक्टोरिया बंदर यायच्या आधी. मग दुकाने बंद होतात.”

गेस्ट सर्व्हिसेसच्या रांगेत माझ्या पुढे आठ-दहा माणसे होती आणि बहुतेकांचा प्रश्न हाच होता. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवून खाते फोडून दाखवले. १२५.५१ पैकी ४२.८० डॉलर परत मिळण्याजोगे, म्हणजे रिफंडेबल. उरलेले ८२.७१ नॉन-रिफंडेबल, रात्री खाते बंद होताना ते रद्द होणार. कार्डावर नाही, रोख नाही, पुढच्या प्रवासासाठीही नाही. आमचा कॉफी-कपड्यांचा खर्च आधी नॉन-रिफंडेबल भागातून वळता केला होता, ही त्यातल्या त्यात सोय, कारण क्रम उलटा असता तर परत मिळणारे पैसे आधी संपले असते आणि न मिळणारे मागे उरले असते.

व्हिक्टोरियाची गोष्ट त्या दिवशी आमच्या थेट अंगावर आली. परदेशी झेंड्याच्या जहाजाने एका अमेरिकी बंदरातून प्रवासी उचलावेत, फक्त अमेरिकी बंदरे फिरावीत आणि पुन्हा अमेरिकेतच उतरवावेत, याला १८८६ च्या एका अमेरिकी कायद्याने मनाई आहे. मोठी क्रूझ जहाजे बहुतेक बहामा, बर्म्युडा, पनामा अशा झेंड्यांखाली चालतात. त्यामुळे सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या अशा जहाजाला कॅनडातल्या एखाद्या बंदराला शिवून यावेच लागते, आणि बऱ्याच फेऱ्यांमध्ये ते बंदर म्हणजे शेवटच्या संध्याकाळी काही तासांसाठी लागणारे व्हिक्टोरिया. जहाज धक्क्याला लागले की शुल्कमुक्त दुकाने आणि कॅसिनो यांना कुलूप. म्हणजे ज्या संध्याकाळी प्रवासी शिल्लक संपवायला निघणार, नेमक्या त्याच संध्याकाळी दुकाने बंद. घड्याळात सव्वापाच वाजले होते आणि जहाज आठला लागणार होते.

बँकेत ३१ मार्चच्या संध्याकाळी सरकारी कार्यालयांची उरलेले अनुदान खर्ची घालण्यासाठी जी धावपळ चाले, तिच्याकडे मी तुच्छतेने पाहत असे. त्या दिवशी तीच धावपळ मी केली. काउंटरवरच्या मुलीला विचारले की, यातून कर्मचाऱ्यांना जादा टिप देता येईल का? या जहाजावर देता येत होती, सगळीकडे येतेच असे नाही. डिचोलीच्या मुलाच्या नावावर ४० डॉलर आणि जेवणाच्या टेबलावर बायकोसाठी रोज न सांगता कांदा-लसणाशिवायचे काहीतरी घेऊन येणाऱ्या वाढप्याच्या नावावर २० डॉलर लिहून घेतले. उरले २२.७१. सहाव्या मजल्यावरच्या दुकानात तोबा गर्दी होती. हातात टूथपेस्ट, चॉकलेट, टोप्या, अस्वलाचे चित्र असलेले टी-शर्ट घेतलेली माणसे मनातल्या मनात बेरजा करत उभी होती. एक आजोबा तर सेल्सगर्लला, “अकरा डॉलरच्या आसपास काय आहे?” असे विचारत होते; वस्तू कोणती याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. आम्ही प्रत्येकी ६.९९ चे दोन फ्रिज मॅग्नेट आणि ७.९९ चा पत्त्यांचा एक जोड घेतला. उरले ७४ सेंट. त्या पैशांत घेता येईल अशी वस्तू त्या दुकानात नव्हती.

ही रक्कम वाचणार की मरणार हे ती कोणी आणि कशापोटी टाकली यावर ठरते, हे त्या रांगेत मला उमगले. कंपनीने सवलतीपोटी दिलेले क्रेडिट सहसा नॉन-रिफंडेबल असते. रद्द झालेल्या बंदराचे शुल्क सहसा परत मिळते, कारण ते प्रवाशाने स्वतः मोजलेले पैसे असतात. एजंटने दिलेली भेट या दोन्हींच्या मध्ये लोंबकळते. त्याने ती कोणत्या प्रकाराने नोंदवली हे त्यालाच विचारावे लागते, आणि आम्ही विचारले नव्हते. कार्निव्हल कॉर्पोरेशनसारख्या क्रूझ कंपन्या किमान १०० शेअर बाळगणाऱ्यांना प्रवासाच्या दिवसांनुसार ५० ते २५० डॉलरपर्यंत क्रेडिट देत आल्या आहेत; त्याचेही रोखीत रूपांतर होत नाही आणि ते कॅसिनोत चालत नाही. कॅसिनोच्या मशीनमध्ये क्रेडिट भरायचे आणि न खेळता रोख काढून घ्यायचे, अशी एक युक्ती रांगेतल्या एका गृहस्थाने मला कानात सांगितली. ही वाट बऱ्याच कंपन्यांनी आता बुजवली आहे किंवा तिच्यावर शुल्क लावले आहे, आणि खरे सांगायचे तर ती बुजवली याचे मला वाईट वाटत नाही.

यात आणखी एक घोळ होतो. २०२० च्या मार्चमध्ये जहाजे थांबली तेव्हा कंपन्यांनी रद्द झालेल्या प्रवासांच्या बदल्यात ‘फ्यूचर क्रूझ क्रेडिट’ दिले. ते पुढच्या तिकिटाच्या भाड्यात वळते होत असे आणि त्याला स्वतःची मुदत असे. ऑनबोर्ड क्रेडिटचे आयुष्य त्याच एका फेरीपुरते असते. नावे सारखी वाटतात म्हणून अनेक जण उरलेले क्रेडिट पुढच्या वेळी वापरू असे म्हणत निश्चिंत उतरतात.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर यात लबाडी आहे असे मला वाटत नाही. तिकिटावर १०० डॉलरची थेट सूट दिली तर कंपनीचे पूर्ण १०० डॉलर जातात. तेच क्रेडिट म्हणून दिले तर ते तिच्याच दुकानात, तिच्याच नफ्याच्या भावाने खर्च होते, बऱ्याचदा प्रवासी वर स्वतःचे वीस-तीस डॉलर घालतो, आणि जे उरते ते तिला द्यावे लागत नाही. २०२३ साली कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या सुमारे २१.६ अब्ज डॉलरच्या उत्पन्नापैकी सुमारे ७.५ अब्ज हे तिकिटांव्यतिरिक्तचे, म्हणजे मुख्यतः जहाजावरच्या खर्चाचे होते. ज्या धंद्यात एवढा वाटा जहाजावरच्या विक्रीतून येतो, तिथे प्रवाशाला दुकानाच्या दारापर्यंत आणणारी वस्तू फुकट वाटली जाते यात नवल नाही. माझी तक्रार एवढीच की, टीव्हीवर दोन वेगळ्या स्वभावाच्या रकमा एकाच आकड्यात मिसळून दाखवू नयेत. आमच्या बँकेत कोणी मुदत ठेव आणि चालू खाते एकत्र करून शिल्लक सांगितली असती, तर ऑडिटरने त्याला उभे केले असते.

जी रक्कम परत मिळते, तिच्याही वाटा वेगवेगळ्या आहेत. खात्याला कार्ड जोडलेले असेल तर ती बहुधा कार्डावर जाते, आणि सुरुवातीला रोख भरून खाते उघडले असेल तर उरलेली रोख शेवटच्या रात्री किंवा उतरण्याच्या सकाळी काउंटरवर मिळते. मात्र कार्डावर मुळात काही खर्चच पडलेला नसेल, तर काही कंपन्या कार्डावर पैसे पाठवण्याऐवजी धनादेश पाठवतात. भारतात राहणाऱ्याने इथे सावध असावे. पुण्याच्या पत्त्यावर आलेला चाळीस डॉलरचा अमेरिकी धनादेश वसुलीला पाठवायचा म्हणजे आठवडेच्या आठवडे वाट पाहणे आणि दोन्हीकडच्या बँकांचे शुल्क. मी स्वतः असे धनादेश घेणाऱ्या टेबलावर बसलो आहे आणि छोट्या रकमेचा धनादेश आणणाऱ्याला हलक्या आवाजात परावृत्तही केले आहे. भारतीय क्रेडिट कार्ड जोडले तर परत येणारे डॉलर त्या दिवशीच्या दराने रुपयांत येतात, आणि खर्चाच्या वेळी बँकेने लावलेले परकीय चलनाचे अधिभार सहसा परत मिळत नाहीत. आमच्या खात्याला जावयाचे अमेरिकी कार्ड होते म्हणून हा प्रश्न आला नाही.

आदल्या दिवशी कळले असते तर बरेच काही करता आले असते. मुलीच्या केबिनचे क्रेडिट तिसऱ्याच दिवशी संपले होते आणि पुढचे सगळे बिल जावयाच्या माथी चढत होते. एका केबिनचे नॉन-रिफंडेबल क्रेडिट दुसऱ्या केबिनला देता येत नाही, असे काउंटरवर सांगण्यात आले, पण त्यांच्या फोटोंचे किंवा केकचे पैसे माझ्या केबिनच्या खात्यावर लावायला कोणाची हरकत नव्हती. सासऱ्याने जावयाला केक खाऊ घालायचा आणि सासऱ्यालाही तो फुकट पडायचा, असा योग पुन्हा येणे नाही. टिप घरून भरू नका, असे मी आता मुलीला सांगून ठेवले आहे. ते ती ऐकेल याची खात्री नाही.

उतरण्याच्या सकाळी दाराखालून हिशेबाचा कागद सरकवलेला होता. त्यात टिपेच्या दोन नोंदी, मॅग्नेट, पत्ते आणि सर्वांत खाली नॉन-रिफंडेबल क्रेडिट रद्द, ०.७४ डॉलर अशी स्वतंत्र ओळ होती. ४२.८० कार्डाकडे वर्ग, बाकी शून्य. रक्कम गेली खरी, पण ती कुठे गेली हे त्यांनी नीट लिहून दिले होते, म्हणून तो कागद मी जपून ठेवला आहे. कार्डावरचे पैसे नवव्या दिवशी आले. पत्त्यांचा जोड आमच्या सोसायटीत रोज दुपारी मेंढीकोटला लागतो आणि त्यातल्या गुलामावर अस्वल आहे.