एका शेतकरी घराण्याच्या मागावर: ईशान्य आयोवातली बोरलॉग शेतं

नॉर्मन बोरलॉग म्हटलं की आपल्याकडे मेक्सिकन गहू, १९७० चं नोबेल आणि हरितक्रांती आठवते. त्यांच्या मागे आयोवातल्या शेतकऱ्यांच्या तीन पिढ्या आहेत. त्यांची शेतं, एकशिक्षकी शाळा, चर्च सगळं पंचवीस-तीस मैलांच्या टापूत आहे आणि एका शनिवार-रविवारात सावकाश पाहून होतं. या पिढ्यांना बाजूला ठेवून बोरलॉग नीट समजत नाहीत, असं मला तिथे जाऊन आल्यावर ठामपणे वाटतं.

आम्ही मिनेसोटातल्या रॉचेस्टरहून निघालो. जालन्याहून आलेले बाबा सोबत होते. त्यांनी सत्तरच्या दशकात कल्याणसोना गहू पेरला होता आणि त्याआधी रेशनचा मिलोही (अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी) खाल्ला होता, त्यामुळे या वारीचा आग्रह त्यांचाच. रॉचेस्टरहून क्रेस्को, म्हणजे या शेतांजवळचं गाव, सव्वा तासावर आहे. मिनियापोलिसच्या विमानतळावरून येणार असाल तर अडीच-तीन तास धरा. आयोवाची राजधानी दे मॉइन, तिथूनही साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त लागतात. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच, बस-रेल्वेच्या भरवशावर इथे येता येत नाही.

बोरलॉग यांचे पणजोबा-पणजी नॉर्वेतल्या सोग्न भागातल्या फेइओसचे. १८५४ साली ते विस्कॉन्सिनमधल्या डेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आले. पणजोबांचं नाव ओले ओल्सन डिबेविग. त्यांची मुलं मात्र ओल्सन बोरलॉग म्हणून ओळखली जाऊ लागली. तेव्हाच्या नॉर्वेत वडिलांच्या नावावरून एक नाव आणि राहत्या शेतावरून दुसरं, अशी रीत होती. शेत बदललं की नावही बदलायचं. नॉर्वेजियन घराण्याचा माग काढणाऱ्यांनी म्हणूनच एका आडनावावर अडून बसू नये. ओल्सन, डिबेविग, बोरलॉग अशी तिन्ही नावं शोधावीत. नॉर्वेची सरकारी चर्चदप्तरं ‘डिजिटालआर्किव्हेट’वर फुकट पाहता येतात. डेन काउंटीतल्याच मॅडिसन शहरात नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळींसाठी स्वतंत्र केंद्र आणि ग्रंथालय आहे.

या मुलांपैकी नेल्स हे नॉर्मनचे आजोबा. पुढे ते आयोवातल्या सौडे या वस्तीच्या परिसरात स्थिरावले. भाऊ ओलेसोबत १८८९ साली तिथली इमॅन्युएल नॉर्वेजियन ल्युथरन मंडळी (चर्चची संस्था) उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्याच शेतावरच्या घरात २५ मार्च १९१४ ला नॉर्मनचा जन्म झाला. वडील हेन्री, आई क्लारा, माहेरची वाला. सौडेला गावसुद्धा म्हणवत नाही, चारदोन घरं आणि भोवती मका. अशा ठिकाणी चर्च हेच दप्तर असायचं. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, नॉर्वेतलं मूळ शेत, सगळं तिथे नोंदलं जाई. इकडच्या चर्चमध्ये अगोदर फोन करून जा. रविवारी सकाळी उपासना संपल्यावर भेटलात तर माहिती द्यायला म्हातारी माणसं आनंदाने थांबतात.

सौडेहून उत्तरेला, प्रोटिव्हिनच्या पश्चिमेला, हेन्री-क्लारांचं १०६ एकरांचं शेत आहे. नॉर्मन सात वर्षांचा असल्यापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत इथे राबला. मका, ओट, टिमथी गवत, गाई, डुकरं, कोंबड्या असं सगळं एका शेतात होतं. घर आणि आवार आता बोरलॉग यांच्या नावाच्या वारसा-संस्थेने जपलं आहे. रोजची ठरलेली वेळ नसते. आधी कळवून वेळ घ्या, कारण दाखवायला येणारी माणसं स्वयंसेवक आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची शेती आहे. पेरणी-कापणीच्या दिवसांत त्यांना सवड मिळणं कठीण.

आम्हाला दाखवणाऱ्या आजोबांशी बाबांची चांगलीच गट्टी जमली. बाबांनी पहिल्यांदा माती हातात घेतली. काळी, पण आपल्या काळीसारखी चिकट नाही, मुठीत दाबली तरी भुसभुशीतच. दुसरा प्रश्न पाण्याचा: एवढ्या सपाट रानात पावसाचं पाणी जातं कुठे? आजोबांनी पायाखाली बोट दाखवलं. इथल्या रानांत जमिनीखाली निचऱ्याचे नळ पुरलेले असतात, पूर्वी भाजलेल्या मातीचे, आता प्लास्टिकचे. ते पुरले तेव्हा कुठे ही ओली गवताळ जमीन मक्याजोगी झाली. मग मी मध्ये भाषांतर करत राहिलो आणि ते दोघं गोठ्यात किती तरी वेळ गाईंच्या चाऱ्यावर बोलत होते.

न्यू ओरेगन क्रमांक ८ ही शाळा अवश्य पाहा. इमारत १८६५ ची, एकच खोली, एकच शिक्षिका, आठ इयत्ता. नॉर्मनला शेवटी शिकवणारी सिना बोरलॉग ही त्याची नात्यातलीच बहीण. पोराला क्रेस्कोच्या हायस्कुलात पाठवाच, असं तिने घरच्यांना निक्षून सांगितलं. तेव्हा आठवीनंतर शेतावर परतणं हीच रीत होती, कारण कामाला हात लागत. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच वाटते. आजोबा नेल्स यांचाही शिक्षणावर भर होता, पण आग्रह धरून निर्णय बदलायला लावणारी ती तरुण मास्तरीण होती. तिच्याबद्दल तिथे आवर्जून विचारा.

दुसरा विषय गव्हाचा. आज या भागात गहू औषधालाही दिसत नाही, पण एकोणिसाव्या शतकात इथे गहू हेच नगदी पीक होतं. चिंच बग नावाची कीड आणि तांबेरा हा बुरशीचा रोग यांनी तो मोडीत काढला, गव्हाचा पट्टा पश्चिमेला सरकला आणि इथले शेतकरी मका व जनावरांकडे वळले. पुढे मिनेसोटा विद्यापीठात वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांच्या हाताखाली बोरलॉग तांबेऱ्याशीच झुंजायला शिकले. भारताने १९६६ साली मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, त्यामागची वाट अशी या रानातून जाते.

जमिनीची कागदपत्रं पाहायची असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी या. आपल्याकडे सातबाऱ्यासाठी तलाठी, तसा इथे काउंटी कोर्टहाऊसमधला रेकॉर्डर. हॉवर्ड काउंटीचं कोर्टहाऊस क्रेस्कोत आहे, चिकसॉ काउंटीचं न्यू हॅम्प्टनला. शेतं काउंटीच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत, तेव्हा आधी कुठली हद्द ते नकाशावर पक्कं करा. जमीन ६४० एकरांच्या चौकोनी सेक्शनमध्ये मोजलेली आहे. सेक्शन, टाउनशिप आणि रेंज हे तीन आकडे हाती असले की सरकारने पहिल्यांदा ती कोणाला दिली हे भूमी-विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या कळतं. १८९० ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका, ती १९२१ च्या आगीनंतर जवळपास सगळी गेली. त्याऐवजी आयोवाच्या स्वतःच्या राज्य-जनगणना बघा: १८८५, १८९५, १९१५, १९२५. १९२५ च्या नोंदीत आईचं माहेरचं नावही मिळतं. १८५० ते १८८० च्या शेती-तक्त्यांत तर कोणाकडे किती एकर, किती गाई, किती बुशेल गहू, सगळं लिहिलेलं आहे.

हीच जमीन आधी कोणाची होती, हे फोर्ट ॲटकिन्सनला गेल्याशिवाय कळत नाही. स्पिलव्हिलजवळचा हा किल्ला १८४० पासून बांधला गेला. हो-चंक या मूलनिवासी लोकांना त्यांच्या मुलुखातून हलवून या पट्ट्यात आणलं आणि त्यांच्यावर देखरेखीला इथे सैन्य ठेवलं. १८४८ ला त्यांना पुन्हा उचलून मिनेसोटात नेलं. दोनच वर्षांत डेकोराजवळ पहिली नॉर्वेजियन कुटुंबं आली. कुठल्याही शेताचा इतिहास सरकारने दिलेल्या पहिल्या जमीन-पट्ट्यापासून सुरू केला तर तो अपुरा राहतो, म्हणून हा थांबा टाळू नका. नांगर लागण्यापूर्वीचं गवत पाहायचं असेल तर क्रेस्कोच्या वायव्येला हेडन प्रेअरी आहे, २४० एकर. जून-जुलैत फुलं असतात. गोचिडांसाठी लांब पँट घाला आणि परतल्यावर पाय तपासा.

मुक्काम डेकोरात करा, हॉटेलं तिथेच बरी आहेत. तिथलं वेस्टरहाइम संग्रहालय निवांत बघा. नॉर्वेहून आणलेल्या रंगवलेल्या पेट्या आणि लाकडी ओंडक्यांची घरं पाहिली की १८५४ चा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. जुलैअखेर तिथे नॉर्डिक फेस्ट असतो, तेव्हा खोली फार आधी धरावी लागते. शाकाहारींनी दुपारचा डबा सोबत ठेवावा. बटाट्याची लेफ्सा (नॉर्वेजियन पोळी) मिळाली तर घ्या, बाबांनी दोन खाल्ल्या. स्पिलव्हिलला चेक संगीतकार ड्वोरझाकने १८९३ चा उन्हाळा काढला, ते घर वाटेवरच आहे.

रस्ते खडीचे आहेत. वेग कमी ठेवा, चढावर उजवी बाजू सोडू नका, समोरून अख्खा रस्ता व्यापणारं यंत्र येऊ शकतं. मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. नोव्हेंबर ते मार्च जाऊ नका.

आज १०६ एकरांवर इथे कुटुंब चालत नाही. आयोवातलं सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या आसपास गेलं आहे आणि बहुतेक ठिकाणी मका-सोयाबीन एवढंच उरलं आहे. हेन्रींच्या शेतातली ती मिसळ संपल्याचं बाबांना फार लागलं. पीक वाढलं ते चांगलंच, पण शेजार गेला, असं ते परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाले.

परतताना दे मॉइनमार्गे गेलात तर नदीकाठच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीतलं वर्ल्ड फूड प्राइझचं दालन बघा. हा पुरस्कार बोरलॉग यांनीच १९८६ साली सुरू केला. पहिले मानकरी १९८७ साली स्वामिनाथन, १९८९ ला कुरियन, आणि १९९८ ला आमच्या जालन्याचे बद्रीनारायण बारवाले. दालन रोज खुलं नसतं, दिवस आणि वेळ आधी बघून जा.