फोटोंची डिस्क, भाग ३: अखेर दिसली, मग पळाली

जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन लिनक्स, बाहेरच्या केसमध्ये अडीच इंची हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो तिच्यावर न्यायचेत, आणि डिस्क काही केल्या दिसत नव्हती.

शुक्रवारी डीमेसेज (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, निरोप दाखवणारी आज्ञा) चालू ठेवूनच केबल खोचली. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -११०'. हा टाइमआउट. कर्नलने "कोण तू?" विचारलं आणि पलीकडून हूं की चूं नाही. गाडी इथेच अडली असेल तर माउंट (डिस्क फोल्डरसारखी जोडणं), परवानग्या, फाइल सिस्टिम यांच्या वाटेला जायचंच नाही. (गुरुवारी मी दोन तास नेमका तिथेच होतो.) केस कानाला लावली. डिस्क घरघरते, 'टक्' करते, थांबते, पुन्हा घरघरते. वीजच पुरत नव्हती! मधला हब काढला, लांबलचक केबल जाऊन वीतभर केबल आली, आणि एलएसबीएलकेमध्ये (डिस्कांची यादी) एसडीए, म्हणजे आमची डिस्क, हजर.

जाता जाता: निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टात प्लग दबकत खोचू नका. आधी यूएसबी २ चे चार संपर्क टेकतात आणि कधीकधी डिस्क ४८०एम (मेगाबिट प्रतिसेकंद) वरच अडकून बसते. 'एलएसयूएसबी -टी' (यूएसबी उपकरणांची यादी) मध्ये ५०००एम दिसायला हवं.

शनिवारी आरसिंक (फाइली कॉपी करणारं साधन) लावलं, चहा टाकला. परत येतो तर 'इनपुट/आउटपुट एरर', आणि एसडीएची एसडीबी झालेली, म्हणजे डिस्क मध्येच सुटून नव्या नावाने परत आलेली. डीमेसेजमध्ये 'यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर'च्या ओळी, पाठोपाठ रिसेट. यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलायची नवी पद्धत) एका वेळी अनेक आज्ञा रांगेत सोडतं. काही केसमधल्या चिपना ते झेपत नाही. तेव्हा ते बंद. मॉडप्रोब.डी (ड्रायव्हरच्या सेटिंग्जचं फोल्डर) मध्ये एक फाइल, तिच्यात एकच ओळ: ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स=, पुढे एलएसयूएसबीत दिसणारा आयडी, कोलन, यू (यूएएस वापरू नको). रीबूट केलं. ढिम्म फरक नाही.

'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' राहिलं होतं. इनिटरॅमएफएस म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा; ही आज्ञा तो नव्याने बांधते. डिस्क बूटच्या वेळीच जोडलेली, त्यामुळे मॉड्यूल (ड्रायव्हर) इनिटरॅमएफएसमधूनच लोड व्हायचं आणि तिथे माझी नवी फाइल पोचलीच नव्हती. अर्धा तास पाण्यात. ते चालवल्यावर 'एलएसयूएसबी -टी' मध्ये यूएएसऐवजी ड्रायव्हर यूएसबी-स्टोरेज आला.

वेग पडेल अशी धास्ती होती, पण फिरत्या डिस्कला काही जाणवलं नाही. एसएसडी असती तर चुटपुट लागली असती. रविवारी सकाळी आरसिंक संपलेलं, रात्रभरात एकही रिसेट नाही. आज एफएसटॅबमधलं (कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) एसडीए हे बदलतं नाव खोडून यूयूआयडी (फाइल सिस्टिमची कायमची ओळख) टाकतोय.