नदीच्या एक पायरी वरून

डांबरी रस्त्यावरच्या त्याच त्या फेऱ्यांचा कंटाळा आला, तेव्हा नदीखोऱ्यातून जाणारा स्वतःचा धावमार्ग आखायचं ठरवलं. सुमारे १० किलोमीटर, पायाखाली माती, चढ अंगावर न येणारा आणि वाहनं शक्य तितकी कमी, एवढंच मागणं होतं. वरवर पाहता काम सोपं. नदी खोऱ्याच्या तळाशी वाहते, तिचा काठ धरला की झालं! पण अख्ख्या खोऱ्यात धावायला सगळ्यात कटकटीची जागा कोणती असेल, तर तो काठच.

सुरुवात नकाशापासून. फोनवरच्या साध्या नकाशात रस्ते दिसतात, जमिनीचा चढउतार दिसत नाही. त्यासाठी समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा लागतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, म्हणजे १० किलोमीटरचा फेरा २० सेंटीमीटरच्या दोऱ्यात बसतो. मी खरोखर दोराच वापरला, कारण वळणावळणाच्या वाटेवर पट्टी निरुपयोगी. मग नदीला छेदणाऱ्या समोच्च रेषा शोधल्या. रेषा दर २० मीटर उंचीला असतील आणि नदीवरच्या लागोपाठच्या दोन छेदांमध्ये १० किलोमीटर प्रवाह असेल, तर ती नदी किलोमीटरमागे जेमतेम २ मीटर उतरते. एवढा उतार पायांना कळतही नाही. असं खोरं सापडलं की निम्मं काम झालं असं समजायचं.

उरलेलं निम्मं चालत करावं लागतं. नवा मार्ग आधी चालून बघायचा आणि मगच धावायचा, यावर मी ठाम आहे. चालताना लक्षात आलं की नकाशावर काठाने सलग दिसणारी पाऊलवाट प्रत्येक ओढ्यापाशी तुटते. ओढा नदीला मिळतो तिथेच तो सगळ्यात रुंद आणि चिखलाचा असतो. तोच ओढा थोडा वर गेलं की एका ढांगेत ओलांडता येतो, किंवा त्यावर साकव तरी असतो. वळणांची तऱ्हा आणखी वेगळी. बाहेरच्या अंगाला पाण्याचा वेग जास्त, तिथे काठ खालून पोखरलेला असतो. अशाच एका वळणावर वाट दिसायला छान होती, गवत दबलेलं, माती कोरडी. पण पाण्याला समांतर अशी बोटभर रुंदीची भेग त्या वाटेच्या मधोमध गेली होती आणि खाली झाडाची मुळं उघडी लोंबत होती. पुढच्या पुरात तो तुकडा जाणार हे उघड होतं. आतल्या अंगाला याच्या उलट. तिथे नदी वाळू आणि गाळ टाकते, टाच रुतते आणि पोटऱ्या भरून येतात. अंतराचाही हिशोब चुकतो. प्रवाहाची लांबी खोऱ्याच्या सरळ लांबीच्या दीडपटीहून जास्त असेल तर ती नागमोडी नदी, असं ढोबळमानाने मानतात. म्हणजे खोऱ्यातलं १० किलोमीटर अंतर काठाकाठाने किमान १५ होतं.

म्हणून मार्ग काठावरून उचलला आणि एक पायरी वर नेला. नदी आपलं पात्र खोल करत जाते तेव्हा तिचं जुनं पूरमैदान वर शिल्लक राहतं आणि दोन्ही बाजूंना सपाट पायऱ्या तयार होतात. जुन्या वस्त्या, विहिरी, गाडीवाटा बऱ्याचदा याच पायरीवर सापडतात, कारण नेहमीचा पूर तिथवर येत नाही. पायरी ओळखायची सोपी खूण म्हणजे झुडपांत अडकलेला कचरा. वाळकं गवत, चिंध्या, प्लास्टिक ज्या उंचीवर लटकलंय तिथवर पाणी आलेलं असतं. त्याच्या वरची सपाटी आपली. नदी दिसत राहते, पण बुटात येत नाही.

चढाचा आकडा मात्र ॲपवर सोडू नये. बरीच ॲप उंची उपग्रहावरून किंवा अवकाशयानातून केलेल्या मोजणीच्या जाळ्यावरून घेतात. २००० साली अंतराळयानातल्या रडारने केलेली मोजणी त्यासाठी अजून वापरात आहे. तिच्यात दोन बिंदूंमधलं अंतर साधारण ३० मीटर असतं आणि दाट झाडीत जमिनीऐवजी झाडांची उंची मिसळते. त्यामुळे सपाट पुलावरून धावलं तरी आलेखात आपण नदीत उतरून पुन्हा वर चढल्याचं दिसू शकतं! खऱ्या चढासाठी नकाशावर ओढे मोजावेत. समोच्च रेषा जिथे जिथे टेकडीकडे टोकदार आत वळते तिथे एक ओढा, म्हणजे एक उतार आणि एक चढ. चढाला जाते तेवढी शक्ती उतारावर परत मिळत नाही, म्हणून मी ओढे कमी असलेला काठ निवडला, जरी पलीकडचा जास्त देखणा होता.

गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्या आणि मधला गवताळ उंचवटा यांत जमीन कोरडी असताना मी उंचवट्यावरून धावते. चाकोरीत पाऊल तिरकं पडतं आणि घोट्यावर एकाच बाजूने ताण येतो. दव किंवा पाऊस असेल तर चाकोरीच बरी, कारण ओल्या गवताखालचा दगड दिसत नाही. शेतातून जाणारी वाट सार्वजनिक आहे का, हे तिथे काम करणाऱ्यांना थांबून विचारावं, आणि फाटक जसं असेल तसंच ठेवावं. राखणीचा कुत्रा अंगावर आला तर धावणं थांबवून चालायला लागायचं, त्याच्याकडे रोखून बघायचं नाही. डांबरी तुकडा आलाच तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने.

थंडीत पायरीचा आणखी एक फायदा कळला. रात्री गार झालेली हवा जड असते, ती उतारावरून सरकत तळाशी साचते, म्हणून धुकं आधी नदीवर धरतं. काही मीटर वर पहाटे बोटं जरा कमी गारठतात आणि वाटही दिसते.

दिशा ठरवायला मला सगळ्यात वेळ लागला. उतार नगण्य, तेव्हा निर्णय वाऱ्याने केला. आकाश निरभ्र आणि हवा शांत असेल तर पहाटे वारा खोऱ्यातून खाली वाहतो आणि ऊन तापल्यावर उलटा, वरच्या दिशेने वाहू लागतो. त्यामुळे सकाळी आधी प्रवाहाच्या उलट दिशेने, वारा अंगावर घेत जायचं आणि येताना तो पाठीशी. मात्र उजाडताच निघायला हवं. उशीर झाला तर वारा फिरतो आणि जाताना नाही तरी येताना तोंडावर येतो. दुपार कलल्यावर निघायचं असेल तर आधी प्रवाहाबरोबर खाली, आणि दिवस मावळायच्या आत परत.