माश्या मारण्याचा दिवस

१४ ऑक्टोबर, गुशैणी, तीर्थन खोरं, हिमाचल

दुपारी बायकोचा फोन. "काय करतोयस?" म्हटलं, माश्या मारतोय. खोटं नव्हतं. सकाळपासून ट्राउट मासा धरायला गुडघाभर गार पाण्यात उभा राहून गळाच्या नकली माश्याच फेकतोय. चार काठावरच्या झाडांना वाहिल्या, एक माझ्याच टोपीत रुतली. मासा शून्य.

सांगलीला लहानपणी मामाबरोबर कृष्णेत गळ टाकायचो, त्या भरवशावर इथे आलो होतो. तो अनुभवच आड आला. तिकडे गळाजवळ शिसं बांधलेलं, ते भिरकावलं की दोरी मुकाट त्याच्यामागे जाते. इथे गळाला पिसं आणि रेशीमधागा गुंडाळून माशी केलेली, वजन जवळजवळ नाहीच. ती फेकता येत नाही. फेकायची ती दोरी. म्हणून तर ही दोरी मुद्दाम जाड आणि जड. तिच्या वजनाने काठी वाकते, काठी सरळ होताना दोरीला पुढे ढकलते, आणि माशी आपली फुकट्या पाहुण्यासारखी मागोमाग. दोरी आणि माशी यांच्यामध्ये नऊएक फूट पारदर्शक तंगूस, निमुळती होत होत शेवटी केसाएवढी.

सगळी मेख मागच्या झोक्यात आहे. दोरी पाठीमागे गेली की ती पूर्ण उलगडेपर्यंत हात थांबवायचा. मी थांबत नाही. मग चाबकासारखा फट्‌ आवाज येतो आणि माशी गायब. सोबतचा गाइड बंजारकडचा, माझ्या निम्म्या वयाचा. "पीछे रुको, सरजी." हे त्याने किती वेळा म्हटलं असेल! शेवटी म्हणाला, मान वळवून मागेच बघा. बघितलं. पोपटी दोरीचा वेटोळा हवेत सावकाश सुटत गेला, सरळ झाला, आणि तळहाताला बारीकशी ओढ लागली. पतंगाला ढील दिल्यावर मांजा ताणतो तशी. तेवढ्यात पुढे न्यायची काठी. एकदा जमलं. पुढची दहा वेळा नाही.

जेवणाआधी त्याने पाण्यातला एक दगड उलटा करून दाखवला. खाली वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्या नळ्या, आत अळ्या. शेजारी चपटे, तीन शेपट्यांचे किडे सरपटत होते. ट्राउटचं बरंचसं खाणं हे असं पाण्याखालचं. मग डबीतली तरंगणारी माशी ठेवून त्याने बुडणारी, तपकिरी काढून दिली. ही ब्राउन ट्राउट मूळची इथली नव्हेच. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुल्लूत आणून सोडली. आता तिच्यासाठी मत्स्यविभागाचा परवाना काढावा लागतो, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद, अंडी घालायचा काळ म्हणून. म्हणजे मी अगदी शेवटच्या गाडीने आलोय.

दुपारी नवा धडा. मधली धार वेगवान, दोरीचं पोट तीच ओढून नेते आणि माशी शेजारच्या फेसापेक्षा जोरात पळते. खरा किडा असा पळत नाही, हे माशाला कळतं, मला कळायला तासभर लागला. दोरी अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची, म्हणजे माशीला सैल वाहता येतं.

चारच्या सुमाराला एका मोठ्या दगडाच्या आडोशाला दोरी जराशी अडखळली. मी काठी उचलली. पाण्यात पिवळसर कूस वळली, तांबडे ठिपके दिसले, वीतभर असेल. आणि काठी हलकी. तंगूस ओढून घेतली तर टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ. गाइडने तो दोन बोटांत धरून पाहिला. तुटली असती तर टोक सरळ असतं, पीळ म्हणजे गाठ सुटली. ती गाठ जेवणानंतर मी स्वतः, मोठ्या तोऱ्यात, त्याला बाजूला सारून बांधली होती. आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, तेवढं विसरलो.

तो काही बोलला नाही. नवी माशी काढून माझ्याच हातात दिली.

आता खोलीत बसून तंगुशीचा तुकडा बॅगेच्या कडीला बांधतोय. पाच फेरे, टोक फटीतून, ओलं करून आवळ. आठांपैकी तीन सुटल्या. परवाना उद्याचाही काढून ठेवलाय.